घानाच्या झेंड्यावरच्या काळ्या ताऱ्याचा मार्कस गार्वींशी काय संबंध?

थेट संबंध आहे. गार्वी म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारे नेते, मूळचे जमैकाचे, जन्म १८८७. त्यांनी १९१९ मध्ये न्यूयॉर्कला ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली. पाच डॉलरला एक शेअर. घेणारे बहुतेक हमाल, मोलकरणी, मजूर. कृष्णवर्णीयांची स्वतःची जहाजं असावीत, आफ्रिकेशी व्यापार व्हावा, ही कल्पना. पण पहिलंच जहाज ‘यारमथ’ म्हणजे कोळसा वाहून खिळखिळं झालेलं धूड, तेही अव्वाच्या सव्वा किमतीला गळ्यात मारलेलं. कंपनी १९२२ पर्यंत बुडाली.

मग गार्वींवर खटला: शेअर विकण्यासाठी टपालातून फसवणूक केल्याचा. मुख्य पुरावा काय, तर एक रिकामा लिफाफा! त्यात नेमकं काय आलं होतं, हे ज्याला तो आला त्यालाही आठवेना. तरी शिक्षा झालीच. कंपनीचा कारभार गचाळ होता हे खरं, पण एवढ्या पुराव्यावर तुरुंग म्हणजे अतीच. १९२७ मध्ये त्यांना अमेरिकेतून हद्दपार केलं.

घानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्यावर गार्वींच्या लेखनाचा मोठा प्रभाव होता. १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा झेंड्यावर काळा तारा आला आणि सरकारी जहाज कंपनीचं नावही ‘ब्लॅक स्टार लाइन’च ठेवलं. गार्वी स्वतः मात्र आफ्रिकेत कधीच गेले नाहीत. १९४० मध्ये लंडनला वारले.