पोराला सेन्सरचं वेड लागलंय, मग मेडिकल घ्यायचं की कॉम्प्युटर?

ताई नमस्कार, पत्र मिळालं. म्हणजे धाकटीला टाइप १ डायबेटिस आहे, तिच्या दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असतो, रात्री लो शुगरचा अलार्म वाजला की अख्खं घर उठतं, आणि मोठा सतरा वर्षांचा मुलगा अभ्यास सोडून त्या सेन्सरची रीडिंग एक्सेलमध्ये भरत बसतो. आता ॲडमिशनची वेळ आलीय, नातेवाईक म्हणतायत मेडिकल नाहीतर कॉम्प्युटर, मधलं काही नसतं, आणि तुम्ही विचारताय हे नुसतं वेड आहे की यात खरंच करिअर आहे.

करिअर आहे. पण मी अडकले ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेल्या एका वाक्यावर. "परवा तर मला म्हणतो, आई तो लो खोटा होता, ती त्याच दंडावर झोपली होती." अहो, बरोबर असू शकतं त्याचं! याला कॉम्प्रेशन लो म्हणतात. सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यातली मोजतो, त्या जागेवर अंगाचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा मंदावतो आणि आकडा धाडकन खाली येतो, बाकी शरीरात सगळं ठीक असतं, कूस बदलली की थोड्या वेळात आकडा परत वर. (आता हे वाचून पुढचा अलार्म सोडून देऊ नका हां. मी डॉक्टर नाही, आणि खरा लो पण झोपेत येतोच. बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर बघायचं आणि तिच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेच करायचं.)

सांगायचं काय, तर या कामात किंमत असते ती आकडा कुठे आणि का चुकतो हे ओळखणाऱ्याला. तुमचा मुलगा ते घरी बसून करतोय, फुकट.

आता ब्रँचचं. तो आकडा तयार कसा होतो ते आधी बघा. कातडीखाली एक केसासारखी बारीक तार असते, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम, ग्लुकोजशी त्याची रिॲक्शन झाली की अगदी इवलासा करंट मिळतो. एन्झाइम वापरून ग्लुकोज मोजायची ही आयडिया लेलंड क्लार्क या अमेरिकन संशोधकांनी १९६२ मध्ये मांडली होती, म्हणजे मूळ गोष्ट केमिस्ट्रीची आहे, मोबाइलची नाही. मग त्या करंटचा आकडा करायचा, त्यातला खडखडाट, म्हणजे नको ते बारीक चढउतार, काढायचा, शिवाय हा द्रव रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो, शुगर झपाट्याने बदलत असेल तर तो फरक चांगलाच जाणवतो, त्याचा हिशोब धरायचा, हे गणित आणि कोडिंग. काही सेन्सर दर पाच मिनिटांनी रीडिंग देतात, म्हणजे दिवसाला २८८, त्यातून काय उचलायचं आणि डॉक्टरसमोर कसं ठेवायचं हे स्टॅटिस्टिक्सवाल्याचं काम. ७० ते १८० च्या मधे दिवसाचा किती वेळ गेला हा जो टक्का तुम्हाला रिपोर्टमध्ये दिसतो ना, तो असाच आलाय. आणि अलार्म किती वेळा वाजवायचा? फार वाजला तर माणूस तो बंदच करून टाकतो, कमी वाजला तर धोका. त्यासाठी माणसाला समजून घेणारा डिझायनर लागतो, नर्सिंग केलेला माणूस लागतो.

तेव्हा "मधलं काही नसतं" हे नातेवाइकांचं म्हणणं सोडून द्या, पण त्यांची भीती अगदीच चूक नाही. मी एकदा एका मुलीला "हेल्थ टेक्नॉलॉजी" असं भारी नाव असलेला कोर्स सुचवला होता, त्यात सगळं थोडं थोडं होतं, बाहेर पडली तेव्हा तिला ना सर्किट नीट येत होतं ना कोड. चूक माझी होती, मी नाव बघितलं, सिलॅबस नाही. तेव्हापासून मी एकच सांगते, एक विषय खोल घ्या, इलेक्ट्रॉनिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर, स्टॅटिस्टिक्स, काहीही, आणि शरीरशास्त्र बाजूने शिकत रहा. बायोमेडिकल इंजिनियरिंग पण चालेल, फक्त लॅबमध्ये हाताने काय करून घेतात ते विचारा. कोणता विषय हे त्यालाच विचारून बघा, खोटा लो आला की त्याला आधी काय सुचतं, तार बदलावी असं की कोड सुधारावा असं, की धाकटीला किती त्रास झाला असेल असं.

आणखी एक, त्याला घरात बसून ॲप करायचंय असं तुम्ही लिहिलंय. करू द्या. २०१३ मध्ये टाइप १ असलेल्या एका छोट्या मुलाच्या वडिलांनी, जे सॉफ्टवेअर इंजिनियर होते, सेन्सरचे आकडे स्वतःच इंटरनेटवर आणले म्हणजे मुलगा शाळेत असताना पण बघता यावेत, आणि पुढे त्यातूनच नाइटस्काउट, म्हणजे सेन्सरचे आकडे लांबून बघायचं मोफत सॉफ्टवेअर, उभं राहिलं. पण फक्त बघण्यापुरतं ठेवा, इन्सुलिनचा डोस सांगणारं काही नको म्हणावं. मेडिकल सॉफ्टवेअरला आयईसी ६२३०४ सारखी स्टँडर्ड असतात, प्रत्येक बदल लिहून, तपासून ठेवावा लागतो, पोरांना ते कंटाळवाणं वाटतं पण रेग्युलेटरी नावाचं, म्हणजे असे नियम पाळले जातायत ना ते बघायचं, एक अख्खं करिअर त्याच कंटाळ्यावर चालतं.

आणि ते सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ, जे तो घ्यायचं म्हणतोय, ते नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत औषधं आणि मेडिकल उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीएनं बजावलं होतं की असं काही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेलीच नाही. सेन्सरच्या आकड्याला खोटं म्हणणारा मुलगा जाहिरातीला भुलतो म्हणजे गंमतच आहे.

सध्या त्याला एक्सेलमध्ये दोन कॉलम वाढवायला सांगा, तुम्ही बोटातून तपासता ते रीडिंग आणि ती कोणत्या कुशीवर होती ते. महिनाभराने काय दिसतं ते मला कळवा, आणि ते पत्र त्यालाच लिहू द्या.