एनसीव्ही नॉर्मल आली म्हणजे नसा ठीक आहेत का?

तुमचा प्रश्न असा की एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आहे, रात्री तळपाय जळतात, पण एनसीव्ही नॉर्मल. मग नसांना काही झालं नाही ना? असं अजिबात समजू नका. एनसीव्ही म्हणजे नसांना हलका करंट देऊन करतात ती तपासणी, ती जाड नसांचा वेग मोजते. आग होणं, सुया टोचणं, गरम-गार कळणं हा बारीक नसांचा कारभार, आणि त्या या तपासणीत सापडतच नाहीत.

या 'नॉर्मल'वरूनच माझं नि दादाचं वाजलं. आमची आई सोलापुरात विड्या वळायची. तवा बोटाला चिकटला तरी तिला चटका कळायचा नाही, आणि रात्री पाय एवढे जळायचे की ओलं फडकं गुंडाळून फरशीवर झोपायची. दादा आधी म्हणाला शुगर असेल. ती नॉर्मल निघाली. मग तोंड कोरडं पडतं ते तंबाखूच्या धुळीनं. एनसीव्हीनंतर तर "आईच्या मनाचे खेळ" म्हणून मोकळा झाला. इकडे ती भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय गिळू शकत नव्हती, दात हिरडीपाशी किडून तुटत होते. हे कुणी विचारलंच नव्हतं. संधिवाताच्या डॉक्टरांनी विचारलं. पापणीत कागदाची पट्टी अडकवली, ती पाच मिनिटांत जेमतेम टोकाला ओली झाली. रक्तातली अँटी-रो तपासणी पॉझिटिव्ह. आजार निघाला शोग्रेन, म्हणजे प्रतिकारशक्ती लाळ नि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते तो, आणि तो नसांनाही धरतो.

दादानं तेव्हाही सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल असल्याचं दाखवलं. अहो, शोग्रेनमध्ये बऱ्याचदा असंच असतं. रक्तात ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन वाढलेलं असतं म्हणून ईएसआर ही सुजेची दुसरी तपासणी चढते, सीआरपी जागेवर राहतो.

तुम्ही अँटी-रो, अँटी-ला, सी३, सी४ या रक्ततपासण्या करून घ्या. बारीक नसांसाठी घोट्याच्या वरची तीन मिलिमीटर कातडी काढून बायोप्सी करतात, तिच्याबद्दल न्यूरोवाल्यांना स्पष्ट विचारा. डोळे-तोंड कोरडं पडतं का, तेही आपणहून सांगा.

हां, नुसता एएनए धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतो, तेव्हा बी१२ आणि शुगर आधी बघाच. आणि पाऊल अचानक लटकलं तर थांबू नका, रक्तवाहिन्यांना सूज येऊन नस मरत असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घरचे "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणाले तर कुठला रिपोर्ट, ते विचारा. दादाला आजही सांगता येत नाही.