वाचकांचे प्रश्न : ओढणीची चाळण

प्रश्न : मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. परमँगनेटच्या टिट्रेशनला डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड ओतताना ओढणीवर आणि मांडीवर सांडलं. डायल्यूटच आहे म्हणून गप्प राहिले. खरं सांगायचं तर ॲप्रनची बटणं लावली नव्हती, आणि आमच्याकडे त्याला पन्नास रुपये दंड आहे. रात्री मांडी चुरचुरायला लागली, सकाळी लाल झाली होती. ओढणी धुतली तर तिची चाळण. डायल्यूट ॲसिडने एवढं होतं का? शिवाय सर म्हणतात ॲप्रन सुतीच हवा. माझा टेरिकॉटचा आहे. फरक काय पडतो?
– एक विद्यार्थिनी, जिल्हा सांगली

उत्तर : आधी मांडीचं बोलू. लाली अजून असेल, फोड आला असेल, तर डॉक्टरांना दाखव आणि कशाने झालं ते सांग. ‘गरम पाणी सांडलं’ असं सांगू नकोस.

आता ओढणी. डायल्यूट म्हणजे पाणी घालून पातळ केलेलं. त्या सल्फ्युरिकमधलं पाणी उडून जातं, ॲसिड उडत नाही. त्याला उकळायलाच तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणजे दुपारी सांडलेलं डायल्यूट कापडात वाळता वाळता दाट होत जातं. सुती कापडाचा धागा त्यात कुजतो, पण दिसायला जागेवर असतो. बादलीत घालून चोळलं की भोकं दिसतात. कितीतरी मुलांच्या जीन्स अशा गेल्या, आणि दर वेळी घरच्यांनी दोष दिला साबणाला! तुझी सलवार संध्याकाळपर्यंत अंगावरच होती ना? मग जे ओढणीचं झालं तेच थोडंफार कातडीचं.

सांडलं त्या क्षणी नळाखाली जायचं होतं. भिजलेला कपडा काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं वाहतं पाणी. ‘कॉन्क (कॉन्सन्ट्रेटेड, म्हणजे दाट ॲसिड) असेल तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग सोडा लावा’ असं जुन्या पुस्तकांत असायचं. मीही अनेक वर्षं तेच शिकवलं. ते चुकीचं होतं. फडकं शोधण्यात जाणारा वेळ ॲसिडला मिळतो. थेट पाणी, भरपूर पाणी.

पण ‘कपडा काढा’ हे भिंतीवरच्या पाटीवर लिहिणं सोपं. एकदा नायट्रेटच्या रिंग टेस्टला एका मुलीच्या सलवारीवर कॉन्क सल्फ्युरिक सांडलं. ती बेसिनपाशी नुसती उभी. समोर वर्गातली मुलं, दाराशी सर. रडत होती, पण नाडीला हात लावेना. मी मुलांना अक्षरशः हाकलून बाहेर काढलं, दोघींना टेबलावरचं कापड धरायला लावलं, तेव्हा कुठे पाणी घालता आलं. जखम भरली, पण डाग राहिला. दुसऱ्या दिवशी मी घरून दोन जुने गाऊन आणि एक चादर आणून कपाटात ठेवली. पुढे नवीन घ्यायची वेळ आली तेव्हा डेडस्टॉकला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीत, कोणत्या नावाने दाखवायचं असं ऑफिसने विचारलं. मी लिहिलं, ‘कापड, पुसण्यासाठी’. तुझ्या लॅबमध्ये असा गाऊन आहे का, ते मॅडमना विचार. नसेल तर ठेवायला सांग.

राहिला दंड. मीही घेत असे. ॲप्रन विसरला तर वेगळा, काच फुटली तर वेगळा. एका वर्षी काचेचा दंड दुप्पट केला आणि फुटतूट जवळजवळ थांबलीच. आम्ही खूश. दिवाळीनंतर बेसिन तुंबलं. आमच्या मामांनी, म्हणजे लॅब अटेंडंटनी, खाली हात घातला आणि तळहात फाडून घेतला. आत टेस्ट ट्यूब, बीकरचे काठ, एका पिपेटचं टोक. काच फुटतच होती, फक्त आम्हाला कोणी सांगत नव्हतं. मामांना टाके पडले. मी दंडाची वही बंद केली आणि साधी वही ठेवली : काय सांडलं, काय फुटलं, कोणाला लागलं. पहिल्याच महिन्यात चार पानं भरली. प्राचार्यांना वाटलं, बाईंची शिस्त ढिली झाली. तू पन्नास रुपये वाचवायला गप्प राहिलीस, यात तुझी चूक आहेच. पण निम्मी चूक त्या दंडाची आहे. हे पत्र सरांना दाखवलंस तरी माझी हरकत नाही.

टेरिकॉटचं विचारलंस. त्यात सुताबरोबर पॉलिस्टर असतं. डायल्यूट ॲसिडला पॉलिस्टर सुतापेक्षा बरं टिकतं, हे खरं. पण आग लागली तर सूत जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. 29 डिसेंबर 2008 रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी ही 23 वर्षांची मुलगी सिरिंजने टर्शरी ब्युटिल लिथियम ओढत होती. हवा लागताच पेटणारं रसायन. सिरिंजचा दट्ट्या निसटला. अंगावर ॲप्रन नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. अठरा दिवसांनी ती गेली. तुझ्या लॅबमध्ये ते रसायन येणार नाही, पण बर्नर, स्पिरिट आणि लॅसेनच्या टेस्टचं सोडियम आहेच. सुती शिव, पूर्ण बाह्यांचा. ओढणी बॅगेत.

प्रश्न : मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स लावते. लॅबमध्ये लेन्सला बंदी आहे असं तिला सांगितलंय. चष्मा लावला तर पुरेसं आहे का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नाही. चष्म्याला बाजूने आडोसा नसतो. शिंतोडा कडेने आत जातो. चष्मा असो वा लेन्स, वर सेफ्टी गॉगल हवाच. लेन्सला सरसकट बंदी हा जुना नियम. गॉगल असेल तर लेन्स चालते असं आता बहुतेक ठिकाणी मानतात. तरी कॉलेजची बंदी असेल तर वाद घालू नका, चष्म्यावर बसणारा गॉगल घेऊन द्या. डोळ्यात काही उडालंच, तर लेन्स काढण्यासाठी थांबायचं नाही. पाणी सुरू करायचं आणि धुता धुता लेन्स काढायची. पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. मुलं मिनिटभर धुतात आणि ‘बरं वाटतंय’ म्हणतात.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सगळ्यांना तेच पातळ लॅटेक्सचे हातमोजे मिळतात. ते घातले की निर्धास्त राहायचं ना?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कोणत्या रसायनासाठी, ते आधी सांगा. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरेन वेटरहान विषारी धातूंच्याच अभ्यासक होत्या. ऑगस्ट 1996 मध्ये डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या मोज्यावर पडले. हातमोजे होते, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) होता, सगळं रीतसर. नंतर तपासलं तेव्हा कळलं की ते द्रव तसल्या मोज्यातून काही सेकंदांत आरपार जातं. त्रास जाणवायला महिने लागले. जून 1997 मध्ये त्या वारल्या. तुमच्या प्रत्येक सॉल्व्हंटला (द्रावकाला) कोणता मोजा चालतो याचे तक्ते मोजे बनवणाऱ्या कंपन्या देतात. गाईडना बाटल्यांची यादी दाखवा आणि तक्ता मागवून घ्या. लॅटेक्स तुमच्या ॲसिटोनपुढे बरा असेल, पण टोल्यूईन किंवा डायक्लोरोमिथेनपुढे त्याचा उपयोग नाही. आणि तोच मोजा घालून मोबाईल उचलू नका. तो पुढे तुमच्या गालाला लागतो.