चायनीज लव्हस्टोरी बघून एवढं शांत का वाटतं? "मीट युवरसेल्फ"बद्दल माझं उत्तर

तुम्ही विचारलंय की दिवसभर डोकं पिकलं की रात्री चायनीज रोमँटिक सिरियल लावल्यावर एकदम शांत वाटतं, असं का होतं, आणि हे असं पळून जाणं बरं का. सगळ्या सिरियल्सचं मला नाही सांगता येणार, एकीबद्दल सांगते, कारण ती मी दोनदा पूर्ण बघितलीय, चाळीसच्या चाळीस भाग. "मीट युवरसेल्फ". जानेवारी 2023 मध्ये आली, लिउ यीफेई ही हीरोइन आणि ली शियान हा हीरो. चिनी नावाचा अर्थ साधारण 'वारा असेल तिकडे जाऊ' असा आहे आणि मला तेच नाव जास्त आवडतं.

गोष्ट अशी की शू होंगदोउ बीजिंगच्या एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे, कित्येक वर्षं मान मोडून काम करतेय. तिची जिवलग मैत्रीण चेन नानशिंग, तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघतो आणि ती जाते. चीनच्या युन्नान प्रांतातल्या दालीला फिरायला जायचं दोघींच्या कधीपासून मनात होतं, पण कामापायी राहूनच गेलेलं. मग होंगदोउ नोकरी सोडते आणि तीन महिन्यांसाठी एकटीच दालीजवळच्या एका खेड्यात खोली घेऊन राहते. बस, एवढंच. (होंगदोउ म्हणजे लाल बी, आपली गुंज असते ना तसलं, आणि जुन्या चिनी कवितेत ते आठवणीने झुरण्याचं प्रतीक आहे. हे मला नंतर कळलं आणि मग तिला कोणीही नुसती नावाने हाक मारली तरी भरून यायचं.)

आता माझं सांगते म्हणजे मी एवढी का अडकले ते कळेल. ऑफिसमध्ये माझी एक मैत्रीण होती, अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, म्हणजे खरंच एका डब्यात, एक दिवस तिची भाजी एक दिवस माझी. ती गेली आणि तिसऱ्या दिवशी मी त्याच टेबलावर बसून महिनाअखेरचे रिपोर्ट करत होते, कारण मैत्रिणीचं सुतक नसतं ना. नवरा गेला, सासू गेली तर लोक भेटायला येतात, दहावा असतो, तेरावा असतो, कोणीतरी तुमच्या घरी पिठलंभात पाठवतं. मैत्रीण गेली तर लोक "अरेरे" म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात विसरतात, त्यात त्यांची चूक नाही, पण त्या दुःखाला बसायला जागाच नसते. आणि इथे एक अख्खी सिरियल त्या दुःखाला तीन महिने देते!! मला वाटतं मनाला जो निवांतपणा येतो त्याचं मूळ इथे आहे. होंगदोउला कोणी "आता सावर" म्हणत नाही. ती उठते, खिडकीत बसते, झोपते, गावात भटकते, कधी काहीच करत नाही, आणि कॅमेरा पण घाई करत नाही.

ती ज्या अंगणात राहते तिथे बाकीचे भाडेकरू पण असेच कुठून कुठून थकून आलेले आहेत. एक मुलगी ऑनलाइन कादंबऱ्या लिहिते आणि माणसांना घाबरते, एक जण बारमध्ये गाणारा, एक सगळं बुडाल्यावर ध्यानाला बसणारा, आणि लिन ना, जिला इंटरनेटवर लोकांनी छळून छळून पळवून लावलंय. एकमेकांची चौकशी कोणी खोदून करत नाही. सांगावंसं वाटलं की सांगतात, तोपर्यंत सगळे मिळून भाज्या निवडतात.

आणि जेवण! हीरो शे झियाओ, त्याची आजी आहे त्यात, वू यान्शू म्हणून ज्येष्ठ नटी आहेत, शूटिंगच्या वेळी ऐंशीच्या पुढे वय, त्यांनी केलीय. ही आजी येईल त्याला खाऊ घालते. गुलाबाच्या पाकळ्या घातलेले गोड केक ही त्या युन्नानची खासियत, शिवाय तिकडे दुधाचं एक पापडासारखं पातळ चीज करतात, काठीला गुंडाळून भाजतात. चिनी लोकांत भेटल्यावर "जेवलीस का" विचारायची जुनी पद्धत आहे, आपल्याकडे माझी आजी फोनवर पहिलं वाक्य तेच बोलायची, हालहवाल नंतर. त्यामुळे ती भाषा कळत नसून सुद्धा (मी सबटायटल्स वाचत बघितली) ते घर मला परकं वाटलंच नाही. मला तर वाटतं की होंगदोउ हीरोच्या प्रेमात पडायच्या आधी त्या स्वयंपाकघराच्या प्रेमात पडते.

प्रेमाबद्दल बोलायचं तर शे झियाओ हा मोठ्या शहरातली चांगली नोकरी सोडून गावी परत आलेला आहे, गावात काहीतरी रोजगार उभा राहावा म्हणून धडपडतोय, भरतकाम करणाऱ्या बायका, लाकडावर कोरीव काम करणारे म्हातारे कारागीर ज्यांना शिकायला पोरं मिळत नाहीत, असं सगळं. तो येऊन तिचं दुःख वगैरे दूर करत नाही. तो त्याच्या कामात असतो, ती तिच्या, आणि गावात राहायचं म्हणजे रोज समोरासमोर येणारच, मग आधी ओळख, मग थट्टा, मग एकमेकांचं काम समजून घेणं. प्रेमाची कबुली यायला खूप भाग लागतात. ज्यांना पाचव्या भागात मिठी हवी असते ते कंटाळतील, हे आधीच सांगते. मला मात्र तोच उशीर आवडला, कारण शोक संपायच्या आत कोणी तुमच्या गळ्यात प्रेम मारलं तर ते सुखाचं वाटत नाही, अंगावर येतं.

जागेचं सांगायलाच हवं. दाली म्हणजे एका बाजूला एरहाई तलाव, जवळपास 250 चौरस किलोमीटरचा, आणि दुसऱ्या बाजूला छांगशान डोंगर, त्याची 19 शिखरं. तिकडे बाई नावाचा समाज राहतो, पांढऱ्या भिंतींची अंगणवाली घरं, निळीत बुडवून बांधणीसारखे रंगवलेले कपडे. दालीच्या चार गोष्टी प्रसिद्ध आहेत, शियाग्वानचा वारा, शांग्वानची फुलं, छांगशानवरचं बर्फ आणि एरहाईवरचा चंद्र, आणि सिरियलच्या नावात वारा आहे तो तिथूनच आलाय असं मला वाटतं. फेंगयांगयी नावाच्या खऱ्या गावात बरंच शूटिंग झालं आणि नंतर तिथे बघायला येणाऱ्यांची रीघ लागली.

चीनमध्ये ही एवढी का चालली तेही बघा. तिकडे '996' म्हणतात, सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 6 दिवस, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये हे बेकायदा आहे असं सांगितलं तरी लोकांचा थकवा काही लगेच गेला नसणार. 2021 मध्येच तरुणांमध्ये 'आडवं पडून राहणं' असा शब्द निघाला, म्हणजे ही शर्यतच नको मला. त्यात कोविडची तीन वर्षं, डिसेंबर 2022 मध्ये निर्बंध उठले आणि पुढच्याच महिन्यात ही सिरियल. कोंडून राहिलेल्या माणसाला वाऱ्याच्या गावाचं दार उघडून दिल्यासारखं झालं असेल.

यातलं एक मला पटत नाही. गाव फार स्वच्छ, फार चांगलं दाखवलंय, आणि तीन महिने बिनपगारी राहायचं तर गाठीशी पैसे लागतात, आपल्यासारख्या हप्ते भरणाऱ्यांना ते जमत नाही. त्यामुळे "सगळं सोडून डोंगरात जा" असा अर्थ मी काढला नाही, तुम्हीही काढू नका. पण पळून जाण्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी रात्री एक भाग बघायचे, रडायचे, झोपायचे आणि सकाळी कामाला जायचे. दुःखाला बसायला ती जागा मला दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. पंधराएक भाग झाल्यावर मी पहिल्यांदा माझ्या गेलेल्या मैत्रिणीच्या मुलीला फोन केला, जो मी महिनाभर टाळत होते, आणि आम्ही तासभर तिच्या आईच्या मसालेवांग्याबद्दलच बोललो.

सुरुवातीचे भाग जड आहेत, तिथे सोडू नका. आणि उपाशीपोटी लावू नका, आजी स्वयंपाकाला लागली की फार भूक लागते.