बोट यार्डात, मन बोटीत

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम आला की शिडाची बोट यार्डात उभी करून मोटारीनं मुलांकडे, मित्रांकडे फिरतो. पण मन बोटीपाशीच अडकतं. काय करावं?

उत्तर : हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. एवढे महिने काळजीत घालवू नका. निघण्यापूर्वी शिडं उतरवा, गोड्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. पुढच्या गुंडाळत्या शिडाबद्दल माझा विशेष आग्रह आहे : ते बांधून ठेवलं तरी वादळात सुटू शकतं, फाटतं आणि डोलकाठीही धोक्यात येते. इंजिनात गोडं पाणी फिरवून खारं पाणी काढून टाका. कॉकपिटची, म्हणजे बोट हाकताना बसायच्या खोलगट जागेची, पाणी जाण्याची भोकं साफ ठेवा, पाऊस तिथेच साचतो. मग भरवशाच्या माणसाला चावी द्या, अधूनमधून फोटो मागवा.

मित्रांना येण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस आधी कळवा. आम्ही नवरा-बायको हे कटाक्षानं पाळतो, यजमान निर्धास्त होतात. दोन घरांच्या मध्ये एक मुक्काम फक्त तुमचा दोघांचा असू द्या, सतत पाहुणे म्हणून राहणं थकवतं. नातवंडांकडे मात्र खुशाल रेंगाळा.