पायसाइड६ (पायथनमध्ये खिडक्या-बटणांची अ‍ॅप करायची लायब्ररी) मधलं डेस्कटॉप अ‍ॅप पायथन नसलेल्या विंडोज मशिनवर कसं द्यावं? पायइन्स्टॉलरने (पायथन कोडची एक्सई करणारं साधन) केलेली एकच एक्सई अँटीव्हायरस अडवतो आणि ती उघडायलाही वेळ लागतो.

तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे. 'वनफाइल' पर्यायाने केलेली एक्सई दर वेळी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडते आणि मग तिथून चालते. उशीर तिथेच होतो. व्हायरस लिहिणारेही तोच तयार बूटलोडर, म्हणजे कोड सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, वापरतात, म्हणून अँटीव्हायरसला तुमची फाइल त्यांच्यासारखी दिसते. पायइन्स्टॉलरच सोडायचा नसेल तर निदान 'वनडिर' वापरा, त्यात एका फाइलऐवजी आधीच उलगडलेला फोल्डर मिळतो. पण दर महिन्याला सुधारित आवृत्ती द्यायची असेल, तर मी पायइन्स्टॉलर बाजूला ठेवून छोटा लाँचर लिहीन.

तत्त्व सोपं आहे. एक्सईमध्ये तुमचा कोड घालायचाच नाही. एक्सई फक्त पायथन जागं करते आणि शेजारच्या फोल्डरमधली मुख्य फाइल त्याच्या हाती देते. चालू असलेली एक्सई आणि लोड झालेल्या डीएलएल (प्रोग्रॅम चालताना उचलतो त्या लायब्ररी फाइली) यांच्यावर विंडोज नवीन फाइल लिहू देत नाही, .पीवाय फाइलींवर मात्र देतं. म्हणजे सुधारणा करताना फक्त 'अ‍ॅप' फोल्डर बदलायचा, लाँचरला वर्षानुवर्षं हात लावायचा नाही.

पायथनच्या संकेतस्थळावरून विंडोजसाठीची 'एम्बेडेबल' झिप (इन्स्टॉल न करता अ‍ॅपसोबत देता येणारं छोटं पायथन) घ्या. मी ३.१२, ६४-बिट धरून लिहितोय. ती 'रनटाइम' फोल्डरमध्ये उघडा. शेजारी 'अ‍ॅप' मध्ये तुमचा कोड, 'लिब' मध्ये लायब्रऱ्या, आणि या सगळ्यांच्या वर लाँचरची एक्सई. या झिपमध्ये पिप (लायब्रऱ्या उतरवणारं साधन) नाही, टीकिंटर ही पायथनसोबत येणारी खिडक्यांची लायब्ररीही नाही. लायब्रऱ्या तुमच्या मशिनवरच्या पूर्ण पायथनमधून पिपचा 'टार्गेट' पर्याय देऊन 'लिब' मध्ये उतरवा. ते पायथनही ३.१२ आणि ६४-बिटच हवं, नाहीतर .पीवायडी फाइली (लायब्रऱ्यांचे कंपाइल केलेले भाग) लोड होणार नाहीत. संपूर्ण पायसाइड६ ऐवजी 'पायसाइड६-इसेन्शियल्स' घ्या. वेबइंजिन (अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवणारा भाग) लागत नसेल तर आकार कितीतरी कमी होतो आणि कोडमधली इम्पोर्टची ओळ तीच राहते. आकार कमी करण्याच्या भरात 'पायथन३.डीएलएल' उडवू नका, पायसाइडला ती लागते.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'पायथन३१२._पीटीएच' या, मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांची यादी असलेल्या, फाइलवर. ती असली की पायथन विंडोजची रजिस्ट्री आणि पायथनपाथ (शोधमार्ग सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) दोन्ही दुर्लक्षित करतं. आपल्याला तेच हवं आहे, कारण गिऱ्हाइकाच्या मशिनवर दुसरं पायथन असलं तरी गोंधळ होत नाही. पण त्याच वेळी स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डरही शोधमार्गात येत नाही. मग स्वतःचंच मॉड्यूल सापडत नाही म्हणून एरर येते आणि माणूस चक्रावतो. उपाय म्हणजे त्या फाइलमध्ये दोन ओळी वाढवायच्या: '..\अ‍ॅप' आणि '..\लिब'. हे मार्ग त्या फाइलच्या जागेपासून मोजले जातात. पायविन३२ सारखी लायब्ररी स्वतःच्या .पीटीएच फाइलवर (वरच्या ._पीटीएच पेक्षा वेगळी) अवलंबून असते, आणि ती इथे वाचली जात नाही. ती वापरत असाल तर तिने जोडलेले फोल्डरही इथे हाताने लिहा.

आता लाँचर. सी मध्ये चाळीसेक ओळींत होतो. सुरुवात डब्ल्यूविनमेन पासून (खिडकीवाल्या प्रोग्रॅमचं सुरुवातीचं फंक्शन), म्हणजे काळी कन्सोल खिडकी उघडत नाही. गेटमॉड्यूलफाइलनेमडब्ल्यू ने स्वतःचा पत्ता काढा आणि त्यावरून 'रनटाइम' चा पूर्ण मार्ग तयार करा. चालू फोल्डरवर विसंबू नका, शॉर्टकटवरून किंवा फाइलवर डबल-क्लिक करून उघडलं की तो वेगळाच असतो. लोडलायब्ररीएक्सडब्ल्यू ने पायथन३१२.डीएलएल उचला, सोबत 'ऑल्टर्ड सर्च पाथ' चा फ्लॅग द्या. तो नसला तर डीएलएल डोळ्यांसमोर असूनही एरर १२६ येते, कारण तिला लागणारी व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल 'रनटाइम' मध्ये आहे आणि विंडोज ती तिथे शोधतच नाही. एरर १९३ आली तर ३२ आणि ६४ बिटांची सरमिसळ झाली आहे. मग गेटप्रॉकअ‍ॅड्रेस ने पाय_मेन (पायथन चालवणारं फंक्शन) मिळवा आणि त्याला क्रमाने लाँचरचं नाव, मुख्य स्क्रिप्टचा मार्ग आणि वापरणाऱ्याने दिलेले आर्ग्युमेंट द्या. डीएलएल मिळालीच नाही तर मेसेजबॉक्स दाखवा. काहीच न दाखवता बंद पडणाऱ्या एक्सईसारखा दुसरा मनस्ताप नाही. कंपाइल '/एमटी' ने करा, म्हणजे लाँचरला स्वतःला कुठला रनटाइम लागणार नाही.

पायथनडब्ल्यू.एक्सई कडे बोट दाखवणारी बॅच फाइल किंवा शॉर्टकट यानेही काम भागतं, पण टास्कबारवर पायथनचं चित्र दिसतं. पाय_मेन तुमच्याच प्रोसेसमध्ये चालतं, त्यामुळे आयकॉन, आवृत्ती आणि नाव तुमचंच राहतं. .आयसीओ मध्ये १६, ३२, ४८ आणि २५६ हे चारही आकार ठेवा.

मराठी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. सगळीकडे विंडोजची 'डब्ल्यू' ने संपणारी, म्हणजे युनिकोडवाली, फंक्शन्सच वापरा. देवनागरीसाठी विंडोजमध्ये जुनं अ‍ॅन्सी कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाहीच. त्यामुळे 'ए' वाली फंक्शन्स किंवा साधं मेन वापरलं की 'हिशोब' नावाचा फोल्डर प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलतो आणि फाइल सापडत नाही. चाचणीसाठी मुद्दाम देवनागरी नावाचं आणि मध्ये मोकळी जागा असलेलं फोल्डर करा.

कन्सोल नसल्यामुळे सिस.एसटीडीआउट आणि सिस.एसटीडीएरर (पायथनने मजकूर आणि एरर छापायच्या जागा) दोन्ही 'नन', म्हणजे रिकाम्या, असतात. प्रिंट गुपचूप काहीच करत नाही, पण एसटीडीएररवर थेट लिहिणारी लायब्ररी कोसळते. मुख्य फाइलच्या अगदी पहिल्या ओळींत, इतर इम्पोर्टच्या आधी, दोन्ही लोकलअ‍ॅपडेटा (वापरकर्त्याचा स्वतःचा डेटा फोल्डर) मधल्या लॉग फाइलला जोडा. सेटिंगही अ‍ॅपडेटा मध्येच ठेवा, प्रोग्रॅम फाइल्स मध्ये साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही.

मल्टिप्रोसेसिंग (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणं) वापरत असाल तर सांभाळा. सिस.एक्झिक्युटेबल, म्हणजे पायथनच्या लेखी चालू असलेली एक्सई, आता तुमचा लाँचर आहे, म्हणून प्रत्येक वर्कर सुरू होताना लाँचर पुन्हा मुख्य स्क्रिप्टच चालवतो आणि खिडक्यांमागून खिडक्या उघडत जातात. सेट_एक्झिक्युटेबल ने 'रनटाइम' मधली पायथनडब्ल्यू.एक्सई द्या, प्रश्न मिटतो.

इन्स्टॉलर इनो सेटअप मध्ये करा आणि 'प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड' ला 'लोएस्ट' ठेवा, म्हणजे अ‍ॅडमिन पासवर्ड लागत नाही. विंडोजच्या स्मार्टस्क्रीनचा (अनोळखी एक्सई अडवणारी सोय) इशारा मात्र डिजिटल सही नसेल तर येणारच. लाँचर त्यावर उपाय नाही. कोड सायनिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं तर १ जून २०२३ पासून त्याची खाजगी चावी हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित उपकरणातच ठेवावी लागते, तो खर्च धरून चाला.

शेवटची चाचणी विंडोज सँडबॉक्स (तात्पुरतं वेगळं विंडोज) मध्ये. तो प्रो आवृत्तीत मिळतो, होममध्ये नाही. दर वेळी कोरा असतो, त्यामुळे तुमच्या मशिनवरच्या पायथनने झाकलेल्या उणिवा तिथे उघड्या पडतात. गिऱ्हाइकाकडे अजून विंडोज ७ असेल तर वरचं काहीच चालणार नाही. ३.९ पासून पायथनने आणि क्यूटी ६ ने (पायसाइड६ ज्यावर उभं आहे ती लायब्ररी) ते सोडलं आहे. तिथे पायथन ३.८, पायसाइड२ आणि युनिव्हर्सल सीआरटीचं (विंडोजचा सी रनटाइम) अपडेट, असा वेगळा संच करावा लागेल.