बारीक, स्मूदनिंग केलेल्या केसांसाठी दोन हजारांच्या आत कोणता स्ट्रेटनर घ्यावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की केस मुळातच बारीक आहेत, जानेवारीत स्मूदनिंग झालंय, वर पुढच्या बाजूला हायलाइट्स केलेत आणि आता मुळाशी नवीन केस वळणदार येतायत. रोज गाडीवरून शिरोली एमआयडीसीला जाता, म्हणून दोन हजारांच्या आत बसणारा स्ट्रेटनर हवाय. मी कोल्हापुरात राजारामपुरीत एका पार्लरमध्ये अकरा वर्षं काम करते, आणि माझे केस तुमच्यासारखेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी उत्तर देते. ज्याचं तापमान कमी-जास्त करता येतं, आकडा डोळ्यांना दिसतो आणि जो 150 अंशांच्याही खालून सुरू होतो, तोच घ्या. कंपनी कुठली हे त्यानंतर बघा. फिलिप्स, हॅवेल्स, वेगा अशा ओळखीच्या कंपन्यांचे स्ट्रेटनर तुमच्या पैशांत बसतात, पण नावावर जाऊ नका. एकाच कंपनीच्या एका मॉडेलला तापमान बदलता येतं आणि शेजारच्या मॉडेलला नुसतं चालू-बंदचं बटण असतं. खोक्यावर ‘210 अंश’ असा एकच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असेल तर ते मशीन तुमच्यासाठी नाही. जाड, कधीच केमिकल न लागलेल्या केसांना 180-190 चालून जातं. तुमच्या केसांना 140-150 पुरे, आणि हायलाइट्सच्या बटांना तर त्याहूनही कमीच बरं.

इतका आग्रह का, तर केसावर खवल्यांचे साधारण 5 ते 10 थर असतात, आपल्याकडच्या कौलारू घरावर कौलं एकावर एक बसवतात तसे. हायलाइट्ससाठी लावलेल्या ब्लीचनं ही कौलं उचलली जातात. स्मूदनिंगच्या क्रीमनं त्याच्याही आत हात घातलेला असतो. केसातले गंधकाचे पक्के बंध ती तोडते, मग न्यूट्रलायझर ते सरळ अवस्थेत पुन्हा जोडतो, पण सगळे जोडले जात नाहीत. म्हणजे तुमचा केस आधीच बारीक, त्यात एकदा आतून सैल झालेला आणि वरून उघडा पडलेला. त्यावर 210 अंशांची पट्टी फिरली की सोसायला केसात काही शिल्लक उरत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. हायलाइट्स केल्यावर दोनच आठवड्यांनी घाईत घरातलं एक स्वस्त, एकाच तापमानाचं मशीन फिरवलं. केसही पूर्ण वाळले नव्हते. चर्र आवाज आला, वास आला आणि पुढच्या चार दिवसांत कानशिलाजवळचे केस दोन बोटं लांबीवर तुटून हातात यायला लागले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. ते केस पुन्हा हनुवटीपर्यंत यायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षात मी रोज आरशासमोर क्लिपा लावत होते. तुमच्यावर ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

चर्र आवाज म्हणजे केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होणं. ती वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि केसात पोकळ बुडबुडे करून जाते, मग केस तिथूनच तुटतो. म्हणून ओल्या काय, दमट केसांवरसुद्धा स्ट्रेटनर लावायचा नाही, मग मशीन कितीही महागाचं असो.

आता पट्टीबद्दल. सिरॅमिक घ्या. टायटॅनियम लवकर आणि जास्त तापतं, ते जाड केसांसाठी ठीक. टूर्मलीन (पट्टीच्या थरात मिसळलेलं एक खनिज) लिहिलेलं असेल तर चांगलं, पण तेवढ्यासाठी चारशे रुपये जास्त देऊ नका. दोन हजारांच्या आत बहुतेक ठिकाणी धातूवर सिरॅमिकचा थरच असतो, अख्खी सिरॅमिकची पट्टी नसते. त्यात वाईट काही नाही, पण हा थर कालांतरानं झिजतो. ओरखडा दिसला किंवा केस अडकायला लागले की ते मशीन बाजूला ठेवायचं, दुरुस्तीच्या नादी लागायचं नाही. रुंदी एक इंचाच्या आसपास असू दे. वॉटवर जाऊ नका, त्यावरून मशीन किती लवकर तापेल एवढंच कळतं.

दुकानात बघून घेणार आहात हे चांगलंच आहे. मशीन बंद असतानाच पट्ट्या मिटून उजेडासमोर धरा. मधून फट दिसली तर केस नीट दाबला जात नाही, मग आपण तीच बट चार-चार वेळा ओढतो. पट्टीवर बोटानं दाबून बघा, ती किंचित आत-बाहेर हलायला हवी. वायर मुळाशी गोल फिरते का बघा. नंतर लावून दाखवायला सांगा. बिल आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून सांगते. तुमचे खालचे केस सरळच आहेत, वळण फक्त नवीन वाढीत आहे. मग मुळापासून टोकापर्यंत इस्त्री कशाला? नवीन आलेले जे चार-पाच सेंटिमीटर आहेत तेवढ्यावरच, टाळूपासून बोटभर अंतर सोडून, एकदा फिरवा आणि सोडून द्या. टोकांवर सगळी केमिकलं होऊन गेली आहेत, त्यांना हात लावू नका. बट पातळ घ्या, उष्णतेपासून केस जपणारं हीट प्रोटेक्टंट आधी लावून वाळू द्या. पहिल्यांदा मानेवरच्या आतल्या एका बटेवर करून बघा, वास आला तर दहा अंश खाली या.

आणि पावसाळ्याचं. स्ट्रेटनरनं जे होतं ते हायड्रोजनच्या कच्च्या बंधांचं काम. ओलावा लागला की ते सुटतात आणि केस मूळ वळणावर जातो. जुलैत आपल्याकडच्या हवेत गाडीवर अर्धा तास गेलात की शिरोलीला पोचेपर्यंत केस फुलणारच. बायका पार्लरमध्ये येऊन म्हणतात, ‘मशीन कमी तापतंय, केस टिकत नाहीत,’ आणि दुसऱ्या दिवशी 200 वर नेतात. केस हवेमुळे फुललेत, उष्णता वाढवून ते थांबत नाही, नुसती तूट वाढते. पावसाळ्यात केस सुती ओढणीत गुंडाळून, वर हेल्मेट घाला. अंबाडा घातलेल्या बाईलाही ऑफिसात कुणी काही म्हणत नाही.

मशीन घ्यायच्या आधी एक तपासणी करा. न्हाल्यावर एक ओला केस दोन्ही हातांनी हळू ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर निर्धास्त घ्या. च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आलाच नाही, किंवा पटकन तुटला, तर आत्ता कुठलाच स्ट्रेटनर घेऊ नका. त्या पैशांत टोकं कापून घ्या, चांगलं कंडिशनर आणा, बोअरच्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्यानं केस धुवा, आणि दोन-तीन महिन्यांनी नवीन वाढीतला केस ताणून बघा.